प्रश्न रचणारी मुले

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमांना लागून असलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार आठ तालुक्यांत मिळून १३ लाख २२ हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा म्हणून ओळखला जातो. शालेय प्रश्नमंजूषेच्या संदर्भात मात्र त्याचे नाव फारसे घेतले जात नाही. प्रश्नमंजूषा हा मोठ्या शहरांतल्या, इंग्रजी माध्यमाच्या, भरपूर पुस्तके असलेल्या शाळांचा खेळ आहे अशी समजूत पक्की होऊन बसली आहे, आणि सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळेचा किंवा आश्रमशाळेचा संघ अशा स्पर्धेत उतरलाच, तर त्याला ‘सहभागी’ म्हणून गौरवण्याची तयारी आधीच झालेली असते. ही समजूत चुकीची का आहे आणि अशा शाळेचा संघ जिंकण्याच्या ताकदीचा कसा घडवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यातील मुख्य प्रतिपादन असे की, उत्तरे पाठ करणाऱ्या संघापेक्षा स्वतः प्रश्न रचणारा संघ अधिक टिकतो, आणि प्रश्न रचण्यासाठी लागणारी सामग्री गोंदियाच्या मुलांच्या अवतीभवती विपुल आहे.

प्रश्नमंजूषा म्हणजे दोन किंवा अधिक संघांनी श्रोत्यांसमोर, ठरलेल्या वेळेत, विविध विषयांवरील प्रश्नांची उत्तरे देण्याची स्पर्धा. तिचे आजचे रूप आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी या माध्यमांत घडले. अमेरिकेत १९५३ साली एनबीसी रेडिओवर ‘कॉलेज बोल’ सुरू झाले, त्याच धर्तीवर १९६२ साली ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ आले. भारतात नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यात घेतलेली स्पर्धा ही पहिली औपचारिक स्पर्धा मानली जाते. १९७२पासून ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ शाळाशाळांत पोहोचली, आणि १९८५ साली सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ने दूरदर्शनवर महाविद्यालयीन संघांना घराघरांत नेले. हा सारा प्रवाह इंग्रजीतून वाहत होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ने तो हिंदीत आणि २०१३ साली ‘कोण होईल मराठी करोडपती’ने मराठीत आणला, आणि २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा ज्ञान कोणाच्या वाट्याला येते याविषयीच्या अनेक समजुतींना धक्का बसला. विदर्भातील शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात वारंवार सांगण्याजोगे आहे.

तथापि ‘करोडपती’चा प्रश्न आणि मंचावरील प्रश्नमंजूषेचा प्रश्न यांत एक मूलभूत फरक आहे, आणि प्रशिक्षणाची दिशा त्यावरच ठरते. चार पर्याय समोर असताना योग्य तो निवडणे याला मानसशास्त्रात प्रत्यभिज्ञा, म्हणजे पाहिल्यावर ओळख पटणे, असे म्हणतात. पर्याय नसताना उत्तर मनातून काढणे याला प्रत्यावाहन, म्हणजे आठवून सांगणे, असे म्हणतात, आणि ते कितीतरी अवघड असते. महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांचा स्पर्धापरीक्षांचा अनुभव मुख्यतः पहिल्या प्रकारचा आहे. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा १५० गुणांच्या दोन पेपरांची आणि पूर्णतः पर्यायी प्रश्नांची असते. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाची चाचणीही तशीच. या परीक्षांसाठी गोंदियातील अनेक शिक्षक शाळा सुटल्यावर जादा तास घेतात, आणि नवेगावबांध येथील जवाहर नवोदय विद्यालयात गावातील मूल पोहोचले की साऱ्या गावाला आनंद होतो. ही मेहनत मोलाचीच आहे. परंतु पर्याय खोडून उत्तराशी पोहोचण्याची जी सवय ती लावते, तीच सवय मंचावर पांगळी ठरते, कारण तेथे खोडायला काही नसते. म्हणून शिष्यवृत्तीच्या गुणांवरून संघ निवडणे ही प्रशिक्षकाची पहिली चूक ठरू शकते.

निवडीसाठी अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे आठवी आणि नववीच्या सर्व मुलांना पर्यायांविना २५ प्रश्नांची लेखी चाचणी देणे, आणि उत्तर येत नसेल तेथे निदान तर्काने काहीतरी लिहिण्यास सांगणे. बरोबर उत्तरांइतकेच महत्त्व चुकलेल्या उत्तरांच्या जातीला द्यावे लागते. ‘वैनगंगा कोणत्या जिल्ह्यात उगम पावते’ या प्रश्नाला ‘बालाघाट’ असे उत्तर देणारे मूल चुकलेले असले तरी नदी उत्तरेकडून, मध्य प्रदेशातून येते हे त्याला ठाऊक आहे. बरोबर उत्तर सिवनी आहे, हे त्याला एकदाच सांगावे लागेल. ‘नाशिक’ लिहिणाऱ्या मुलाने मात्र ‘उगम’ हा शब्द वाचून पाठ असलेले पहिले नाव लिहून दिलेले असते. पहिले मूल घडवता येते. दुसऱ्यालाही घडवता येईल, पण त्यासाठी आधी नकाशा हातात द्यावा लागेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. बाजारात मिळणारी सामान्यज्ञानाची पुस्तके राजधान्या, चलने, पहिली महिला, सर्वांत लांब नदी अशा सुट्या जोड्या देतात, आणि मूल त्या जोड्या एखाद्या यादीप्रमाणे घोकते. चांगली प्रश्नमंजूषा अशा यादीवर क्वचितच चालते. तिचा प्रश्न दोन-तीन दूरच्या गोष्टींना जोडतो, आणि ज्याला ती जोडणी दिसते त्याला उत्तर सापडते. ही जोडणी दिसण्याचा सराव प्रश्न सोडवून जितका होतो त्याहून अधिक प्रश्न रचून होतो, कारण रचणाऱ्याला कोणती माहिती आधी द्यायची, कोणती राखून ठेवायची आणि कोठे दिशाभूल होईल, याचा विचार करावा लागतो.

उदाहरणादाखल धानाचाच विषय घ्यावा, जो या जिल्ह्यातील प्रत्येक मुलाला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरून माहीत असतो. जवळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाच्या गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८०च्या दशकात आपल्या ‘पटेल-३’ वाणाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवड करत एक बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला, आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव मिळाले. खोब्रागडे यांचे २०१८ साली निधन झाले. त्यांच्या वाणाचा तांदूळ विदर्भाच्या घराघरांत शिजतो. या एका हकिकतीतून किती प्रश्न निघतात ते पाहावे. ‘हिंदुस्तान मशीन टूल्स’ ही कंपनी १९५३ साली बंगळुरूत स्थापन झाली आणि तिने घड्याळे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बनवली, हा उद्योगाचा प्रश्न. शेतकऱ्याने केलेल्या अशा निवडीला कृत्रिम निवड म्हणतात आणि डार्विनने आपल्या ग्रंथाचा आरंभ पाळीव प्राणी व पिकांमधील याच निवडीपासून केला, हा जीवशास्त्राचा प्रश्न. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० साली स्थापन झाली आणि तिचा ‘आयआर-८’ हा बुटका वाण १९६६ साली आला, हा आशियाच्या इतिहासाचा प्रश्न. तांदूळ मऊ किंवा मोकळा का शिजतो हे त्यातील अमायलोज या स्टार्चच्या प्रमाणावर ठरते, हा रसायनशास्त्राचा. मुलांनी हे चार प्रश्न स्वतः शोधून लिहिले, एकमेकांना विचारले आणि त्यांतील चुका पकडल्या, तर त्या आठवड्यात त्यांनी जे मिळवले ते शंभर जोड्यांच्या पाठांतराने मिळणार नाही.

प्रश्नरचनेचा एक विशेष प्रकार येथे समजावून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धांत तो नियम बनला आहे, आणि भारतातही बझरच्या फेरीत त्याचा उपयोग वाढत आहे. त्याला पिरॅमिडी प्रश्न म्हणता येईल: एकाच उत्तराकडे नेणाऱ्या पाच-सहा सूचना अवघडाकडून सोप्याकडे या क्रमाने मांडायच्या, म्हणजे ज्याचे ज्ञान खोल तो आधी बटण दाबतो आणि ज्याचे वरवरचे तो शेवटपर्यंत थांबतो. गोंदियाच्या मुलांनी असा एक प्रश्न रचायचा, तर तो पुढीलप्रमाणे होऊ शकेल. ‘पूर्वी ग्रुस या प्रजातीत गणला जाणारा हा पक्षी आता अँटिगोनी या प्रजातीत धरला जातो. बादशहा जहांगीर याने या पक्ष्याच्या एका पाळीव जोडीला लैला-मजनू अशी नावे दिली आणि त्यांच्या विणीचे निरीक्षण आपल्या आठवणींत नोंदवले. वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेला क्रौंच म्हणजे हाच पक्षी, असे काही अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात त्याचा वावर मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत आणि तलावकाठी उरला आहे. तो उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला, लाल डोक्याचा व मानेचा हा पक्षी कोणता?’ उत्तर अर्थातच सारस.

या प्रश्नातील सूचनांचा क्रम काळजीपूर्वक पाहिला, तर गोंदियाच्या संघाला असलेला एक मोठा लाभ ध्यानात येतो. कोलकाता किंवा बंगळुरूच्या प्रश्नकर्त्याच्या दृष्टीने गोंदियाच्या बांधीचा उल्लेख ही अवघड सूचना आहे. तो तिला आरंभीच ठेवील, कारण ती कोणाला माहीत असेल असे त्याला वाटत नाही. गोंदिया किंवा आमगाव तालुक्यातल्या मुलाला मात्र तीच सूचना सर्वांत सोपी असते. इतरांना जे दुर्मीळ, ते याला घरचे. हा लाभ आपोआप पदरात पडत नाही, हेही तितकेच खरे, कारण सारस पाहिलेल्या मुलाला जहांगीर, वाल्मीकी आणि प्राण्यांचे वर्गीकरण यांच्याशी तो पक्षी जोडलेला आहे हे कोणी सांगितले नसेल, तर पाहणे आणि जाणणे एकमेकांना भेटत नाही. ती भेट घडवणे हेच प्रशिक्षकाचे काम आहे.

अशी भेट घडवण्याजोगे विषय जिल्हाभर विखुरलेले आहेत. परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला नवेगावचा बांध आणि मालगुजारीच्या काळातील शेकडो तलाव यांतून सिंचनाचा, जमीनमहसुलाचा आणि कोहळी समाजाच्या जलकौशल्याचा इतिहास उलगडतो. तेथेच वन अधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून मराठी निसर्गसाहित्याकडे जाता येते. २०१३ साली घोषित झालेला नवेगाव-नागझिरा हा महाराष्ट्रातील पाचवा व्याघ्र प्रकल्प. त्याच्या आधीचे चार आणि नंतरचा बोर हे नकाशावर मांडले की राज्याच्या जंगलांचा भूगोल समजतो. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा गोंड समाजाच्या श्रद्धेचे केंद्र आहेत आणि माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. मुंबई-हावडा मार्गावरील गोंदिया जंक्शनवरून जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची छोटी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी धावू लागली आणि शतकभरानंतर तिचे रुळ रुंद झाले. रेल्वेचे गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर, हे शिकवायला याहून चांगले ठिकाण नाही. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि अशा रीतीने तिरोड्याजवळून वाहणारे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते.

शोधलेली माहिती टिकवायची कशी, हा पुढचा प्रश्न. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की शिकलेले प्रारंभी अतिशय वेगाने आणि नंतर सावकाश विसरले जाते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला तो न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे ८१ विरुद्ध ७५ टक्क्यांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांच्याजवळ ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने आपल्याला येते असे वाटते, आठवून पाहिल्याने खरोखर येते, असा याचा अर्थ. प्रत्येक ग्रामीण शिक्षकाच्या हाती हा निष्कर्ष असायला हवा, कारण त्यासाठी पैसा लागत नाही.

जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली याच तत्त्वावर एक साधी पेटी सुचवली. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कप्पे करायचे. जुन्या वह्यांचे कोरे कागद कापून प्रत्येकाच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहायचे. सर्व चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात ठेवायच्या. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, असे अंतर वाढत जाते, आणि ज्या गोष्टी चुकतात त्यांच्यावरच वेळ खर्च होतो. संगणक किंवा मोबाइल नसलेल्या वसतिगृहातही ही पेटी चालते. किंबहुना देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्पातील आश्रमशाळांत, जेथे मुले संध्याकाळी एकत्र असतात, ती शहरातल्या शाळेपेक्षा अधिक चालेल, असे मानायला जागा आहे.

साधनांची टंचाई आहे, पण ती समजली जाते तितकी नाही. मराठी विश्वकोश आज महाजालावर विनामूल्य वाचता येतो. बालभारतीच्या, १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तसेच. पाचवी ते दहावीची राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके एकत्र ठेवून विषयवार वाचली, तर शालेय स्तरावरील प्रश्नांचा फार मोठा भाग त्यांतच सापडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भाषेचा अडसर मात्र खरा आहे. घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगडी किंवा झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि मंचावर इंग्रजीमिश्रित प्रश्न, असा प्रवास ही मुले रोज करतात. प्रत्येक चिठ्ठीवर मराठी संज्ञेशेजारी तिचे इंग्रजी रूप देवनागरीत लिहिण्याचा नेम ठेवला, तर प्रकाशसंश्लेषण येणारे मूल ‘फोटोसिंथेसिस’ ऐकून गोंधळत नाही.

मंचावरच्या नियमांचा अभ्यास हा वेगळा भाग आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणारे संघ ज्ञान असूनही हरतात. बहुतेक स्पर्धांत लेखी फेरीतून सहा संघ मंचावर येतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक संघाला थेट प्रश्न मिळतो आणि उत्तर न आल्यास तो पुढच्या संघाकडे सरकतो. यात दुबळ्या संघाच्या लगेच पुढे बसलेल्याचा फायदा होतो. ‘इन्फिनिट बाउन्स’ या पद्धतीत, ज्या संघाने उत्तर दिले त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू होतो आणि अर्ध्या फेरीनंतर दिशा उलटी केली जाते, त्यामुळे बसण्याच्या जागेचा परिणाम कमी होतो. ‘पाउन्स’मध्ये आपल्याकडे प्रश्न येण्याआधीच उत्तर लिहून देता येते, बरोबर असल्यास बहुधा १० गुण मिळतात आणि चुकल्यास ५ जातात. येथे गणित कामी येते. तीनपैकी एकदा तरी उत्तर बरोबर येईल इतकी खात्री असेल, तर सरासरीत तोटा होत नाही, आणि खात्री त्याहून अधिक असेल तर थांबणे हाच तोटा. चुकीला १० गुण जाणार असतील तर निम्मी खात्री हवी. दहावीच्या गणितातील संभाव्यता या पाठाचा इतका जिवंत उपयोग दुसरीकडे मिळणे कठीण. ग्रामीण संघ सहसा धाडसाने हरत नाहीत. येत असलेले उत्तर ‘चुकले तर?’ म्हणून गिळल्याने हरतात. म्हणून सरावात प्रत्येक मुलाला उत्तरासोबत आपली खात्री किती, हेही सांगायला लावावे आणि ती कितपत खरी ठरली हे महिनाभराने तपासावे.

संघातील संवादाबाबत एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगितली पाहिजे. चारजणांच्या संघात बरोबर उत्तर अनेकदा सर्वांत हळू बोलणाऱ्या मुलीला ठाऊक असते, आणि मोठ्याने बोलणारा मुलगा आपले चुकीचे उत्तर कर्णधाराच्या गळी उतरवतो. कर्णधाराचे खरे काम उत्तर देणे हे नसून प्रत्येकाचे ऐकून घेणे हे आहे. त्यामुळे प्रत्येकाने आधी कागदावर उत्तर लिहावे आणि मग चर्चा करावी, हा नियम सरावात कधीही मोडू देऊ नये. मुलींच्या सहभागाला दुसरीही अडचण असते. स्पर्धा गोंदियात किंवा नागपुरात असेल, तर शेवटची एसटी गेल्यावर परत कसे यायचे, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि सोबत शिक्षिका व राहण्याची सोय असल्याखेरीज तो सुटत नाही. ही तजवीज शाळा व्यवस्थापन समितीने वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवायला हवी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी धावपळ केली की एखादी हुशार मुलगी घरीच राहते, आणि ही हानी कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

वर्षाचे नियोजन शहरातील शाळेप्रमाणे येथे करता येत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, आणि लगेच रोवणी सुरू होते. दिवाळीच्या मागेपुढे धानाची कापणी येते. या दोन्ही काळांत मोठी मुले शेतात असतात आणि हजेरी घटते. प्रशिक्षकाने त्याविरुद्ध तक्रार करण्यापेक्षा ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हे निवडीचे व पायाभरणीचे महिने, आणि कापणीनंतरचा काळ सराव-सामन्यांचा, असे वेळापत्रक आखणे शहाणपणाचे. शिक्षकाचा स्वतःचा वेळही निवडणूक, सर्वेक्षणे आणि अहवाल यांत जातो. दोन शिक्षकी शाळेत तर एकजण बैठकीला गेला की दुसऱ्याकडे सारे वर्ग येतात. यावर केंद्र, म्हणजे जवळपासच्या शाळांचा प्रशासकीय गट, हा उपाय होऊ शकतो: दहा-बारा शाळांनी आपापल्या मुलांच्या प्रश्नांची महिन्यातून एकदा अदलाबदल केली, तर कोणत्याही एका शिक्षकावर भार न येता वर्षअखेरीस मोठा प्रश्नसंग्रह तयार होतो, आणि तो गोंदियाच्या मुलांनी गोंदियाच्या दृष्टीतून रचलेला असतो.

दहावीची मुले मार्चमध्ये शाळा सोडतात आणि त्यांच्यासोबत संघही संपतो, हे बहुतेक शाळांत घडते. ते टाळण्यासाठी आठवीच्या चार-पाच मुलांना पहिल्या वर्षी केवळ श्रोते आणि गुणलेखक म्हणून सरावात बसवावे, नववीत खेळवावे, आणि दहावीत त्यांच्याकडे धाकट्यांसाठी प्रश्न रचण्याचे काम सोपवावे. चिठ्ठ्यांची पेटी शाळेच्या कपाटात, शाळेच्या नावाने राहावी आणि प्रत्येक चिठ्ठीवर रचणाऱ्याचे नाव व वर्ष असावे. पहिल्या दोन वर्षांत पारितोषिक मिळेलच असे नाही, आणि मुख्याध्यापकांनी व पालकांनी तितका धीर धरला पाहिजे. तिसऱ्या वर्षीच्या नववीच्या हाती मात्र दोन तुकड्यांनी तपासलेले हजारभर प्रश्न असतील, आणि त्या वर्गात नव्याने येणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगता येईल की पुढच्या सोमवारपर्यंत आपल्या गावच्या तलावावर एक पिरॅमिडी प्रश्न लिहून आण.